पाळकाला अधिकार कोण देतो?

रविवारच्या उपासनेत पांढरा झगा घालून वेदीपाशी उभा राहणारा पाळक अनेकांच्या परिचयाचा असतो. परंतु तेथे उभे राहण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रोटेस्टंट पंथांत तर तो अधिकच अवघड. श्रद्धावंताला देवापाशी जाण्यासाठी पुरोहिताची मध्यस्थी नको, हे मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकातच ठामपणे मांडले होते. मग पाळक हवा कशाला? वचनाचे निरूपण आणि संस्कारांची व्यवस्था यांसाठी नेमलेला सेवक म्हणून, असे त्याचे उत्तर. मात्र ही नेमणूक करायची कोणी, यावर पंथांचे एकमत नव्हते. बाप्टिस्टांत स्थानिक मंडळीचा शब्द अखेरचा, प्रेस्बिटेरियनांत पाळक व वडील यांच्या सभेचा, तर अँग्लिकनांत बिशपचा.

या मतभेदाची कसोटी नागपुरात लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चसंस्थांनी एकत्र येऊन तेथे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना केली. अँग्लिकनांच्या दृष्टीने बिशपने हात ठेवल्याविना झालेली दीक्षा अपुरी होती. उलट वर्षानुवर्षे सेवा केलेल्या बाप्टिस्ट पाळकाने पुन्हा दीक्षा घ्यायची, म्हणजे आजवरची सेवा स्वतःच खोटी ठरवायची. दक्षिणेत १९४७ मध्ये 'चर्च ऑफ साउथ इंडिया'ने जुन्या पाळकांना होते तसेच स्वीकारले, पुढील दीक्षा तेवढ्या बिशपांकडे सोपविल्या. आणि त्यापायी अँग्लिकन जगताची नाराजी ओढवून घेतली. उत्तरेने निराळी वाट काढली. सर्व संस्थांच्या प्रतिनिधींनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवले आणि ज्याला ज्याची गरज असेल ते देवानेच द्यावे, अशा आशयाची प्रार्थना केली. कोणाच्या दीक्षेत काय उणे होते, याचा उच्चार जाणीवपूर्वक टाळला गेला. काहींना ही निव्वळ चतुराई वाटली. पण एवढे मौन पाळले नसते, तर ऐक्य झाले असते असे वाटत नाही.

आज या चर्चमध्ये पाळक होऊ इच्छिणाऱ्याने केवळ 'मला पाचारण झाले आहे' असे म्हणून भागत नाही. ते पाचारण स्थानिक मंडळीला पटावे लागते. तिची शिफारस, धर्मप्रांताच्या समितीची मुलाखत आणि बिशपची संमती मिळाली, की उमेदवाराची सेमिनरीत रवानगी होते. तेथे बी.डी. ही पदवी घेताना बायबलचा चिकित्सक अभ्यास, हिब्रू व ग्रीक भाषांचा परिचय, चर्चचा इतिहास, इतर धर्मांचा अभ्यास आणि प्रत्यक्ष मंडळीतील उमेदवारी, असे सारे आले. पदवी सेरामपूरच्या सिनेटची. विल्यम कॅरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये स्थापन केलेल्या या महाविद्यालयाला पदवीदानाचा अधिकार मिळाला तो १८२७ मध्ये, डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने! १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारे कॅरे ते हेच. यवतमाळहून १९८३ मध्ये पुण्यात आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी याच सिनेटशी संलग्न आहे.

पदवी मिळाली तरी पाळकपद लगेच मिळत नाही. आधी डीकन म्हणून दीक्षा होते. डीकन प्रवचन करू शकतो, आजाऱ्यांच्या भेटीला जाऊ शकतो. प्रभुभोजनाचा विधी मात्र चालवू शकत नाही. त्या काळात त्याचे वर्तन व लोकांशी वागणे पारखले जाते. मगच प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण अर्थाने पाळक, होण्याची दीक्षा. महिलांनाही ही दीक्षा दिली जाते. दक्षिणेकडील भगिनी चर्चमध्ये तर २०१३ मध्ये ई. पुष्पललिता या नंद्यालच्या बिशप झाल्या.

प्रेस्बिटरच्या दीक्षेत बिशपसोबत उपस्थित पाळकही उमेदवाराच्या मस्तकावर हात ठेवतात. तत्पूर्वी बिशप जमलेल्या मंडळीकडे वळून तिची संमती विचारतो. ती मोठ्याने द्यावी लागते.