दरमहाची औषधमागणी अडकते तेव्हा

सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. त्यात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात व रुग्णास असह्य वेदना होतात. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतल्यास वेदनांचे झटके कमी होतात. मात्र त्याने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून वेळोवेळी रक्ततपासणी अनिवार्य ठरते. औषध खंडित होऊ नये आणि तपासणीवाचून दिलेही जाऊ नये, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे.

यासाठी अशा रुग्णाची मागणी संगणकात एकदाच नोंदविली जाते. दरमहा ठरलेल्या दिवशी ती आपोआप तयार होते आणि वैद्यकीय अधिकारी व औषध भांडार यांच्या मंजुरीसाठी जाते. ही साखळी कोठेही तुटू शकते. तुटल्याचे लक्षात आले नाही, तर गोळ्या संपल्याचे प्रथम कळते ते मुरूमगाव परिसरातील एखाद्या घरात. आणि पावसाळ्यात नाले भरले की तेथून धानोऱ्यास येणेही कठीण होते.

म्हणून अडकलेल्या मागण्यांचे आम्ही तीन प्रकार मानतो. वीज किंवा इंटरनेट खंडित झाल्याने थांबलेली मागणी तात्पुरती अडलेली असते. ती काही अंतराने पुन्हा पाठविली जाते. मंजुरी देणारे अधिकारी रजेवर आहेत, औषधाचा सांकेतिक क्रमांक बदलला आहे किंवा पुरवठादाराशी झालेल्या दरकराराची मुदत संपली आहे, अशा वेळी शंभरदा पाठवूनही उपयोग नसतो. तेथे जबाबदार व्यक्तीस कळवून कारण दूर करावे लागते. तिसरा प्रकार नामंजुरीचा. पेशी घटल्याचे पाहून डॉक्टरांनी औषध थांबविले असेल, तर तो बिघाड नसून निर्णय आहे. अशी मागणी यंत्राने पुन्हा पुढे रेटता कामा नये.

पुन्हा पाठविताना त्या महिन्याच्या मागणीचा क्रमांक तोच ठेवला जातो. संपर्क तुटल्यावर पहिली मागणी पोहोचली होती की नाही, हे समजत नाही. क्रमांक नवा दिला, तर एकाच रुग्णास दुप्पट गोळ्या जाण्याचा धोका असतो. एका महिन्याची मागणी फसली म्हणून पुढील महिन्यांची मालिका बंद पडू नये आणि यंत्रणा पूर्ववत झाल्यावर थकलेल्या सर्व मागण्या एकदम मंजूर होऊ नयेत, हेही पाहावे लागते. उत्तर न येणे म्हणजे मंजुरी, असा अर्थ कधीही घेतला जात नाही.

गोळ्या संपण्यास थोडेच दिवस उरले व मागणी अडलेलीच असेल, तर डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलून त्यांच्या स्वाक्षरीचा कागदी अर्ज वापरला जातो. त्याची नोंद नंतर मूळ क्रमांकावरच होते.

देणगीदारांना आमची विनंती आहे की, संगणकाइतकेच त्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसालाही महत्त्व द्यावे. रुग्णांच्या कुटुंबीयांनी आपला दूरध्वनी क्रमांक बदलल्यास तो कळवावा आणि शेवटची गोळी संपण्याची वाट न पाहता तपासणीसाठी यावे. मागणी वेळेवर मंजूर होण्यात त्यांचाही वाटा आहे.