भुरका, शेवया आणि मोडके इंग्रजी

परदेश म्हटला की दोन धास्ती असतात : खायचे काय आणि बोलायचे कसे? आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. इंग्रजीच्या तासाला मला बाकाखाली दडावेसे वाटते, हे आमच्या सरांना ठाऊक आहे. उलट माझे मामा दहावीपर्यंतच शिकलेले. पण मालवाहू बोटीच्या इंजिनखोलीत नोकरी करतात आणि जपानात कोबे, योकोहामा बंदरांत उतरून खुशाल जेवून येतात. हे त्यांना कसे साधते, याची मी दिवाळीच्या सुट्टीत कसून चौकशी केली. पुढे ग्रंथालयात बसून थोडे वाचलेही.

जपानात रामेन आणि उदोन या गव्हाच्या शेवया, तर सोबा कुट्टूच्या पिठाची. रामेनचे मूळ चीनमधले. आपल्या कोकणातल्या शिरवळ्यांची ही दूरची भावंडे म्हणावीत. फक्त नारळाच्या गोड रसाऐवजी ऊनऊन खारट रस्सा! आणि भुरका मारणे तिथे मुळीच असभ्य नाही. शेवई ओढताना तोंडात हवा जाते, ती थोडी निवते आणि रस्स्याचा वासही नाकात भरतो. (आमच्याकडे कढीला हा न्याय आहेच.) आज खेडोपाडी दोन मिनिटांत शिजणाऱ्या नूडल्सचे मूळही तिथलेच. मोमोफुकु आंदो यांनी 1958 साली वाफवलेल्या शेवया तेलात तळून त्यांतले पाणी घालवले. तळताना पडलेल्या बारीक छिद्रांतून उकळते पाणी पुन्हा आत शिरते, की झाले. पेल्यातल्या नूडल्स 1971 मध्ये आल्या.

मागवण्याला भाषा फारशी लागतच नाही. बऱ्याच रामेनच्या दुकानांत दाराशी तिकिटाचे यंत्र असते. पैसे टाकायचे, बटण दाबायचे, तिकीट आचाऱ्यापुढे ठेवायचे. काही हॉटेलांच्या काचेत हुबेहूब नकली पदार्थ मांडलेले असतात. तिथे नुसते बोट पुरते.

बोलायची वेळ आलीच, तर उच्चार मोडावे लागतात. जपानीत ‘न’ सोडला तर शब्द व्यंजनावर संपत नाही आणि ‘ल’ नाही. म्हणून ‘मिल्क’चे ‘मिरुकु’, ‘हॉटेल’चे ‘होतेरु’. आमच्या आजीचे ‘इस्टेशन’ याच जातीचे. पण तिला आपण हसतो. गंमत म्हणजे त्यांच्या अक्षरमालेचा क, स, त, न हा क्रम बौद्ध विद्येबरोबर तिकडे गेलेल्या संस्कृत वर्णविचारावरून आला आहे.

मामांचे इंग्रजी मात्र समुद्रावरचे. निरनिराळ्या देशांचे खलाशी एका बोटीवर असतात. शब्द चुकला तर जिवावर बेतते. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संच स्वीकारला. त्यात ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ ही संदिग्ध क्रियापदे टाळायला सांगितले आहे आणि दीडशे हा आकडा ‘वन, फाइव्ह, झीरो’ असा सुटा बोलायचा असतो. आम्ही ज्या क्रियापदांच्या छटा पाठ करून परीक्षेला बसतो, ती बोटीवर मुद्दाम गाळलेली! हे वाचून मला किती हायसे वाटले, ते काय सांगू?

शाकाहारी माणसाची मात्र पंचाईतच. ‘नो फिश’ म्हटले तर मासा येत नाही; पण सोबाचा रस्सा बहुधा सुकवलेल्या माशाच्या अर्कावरच केलेला असतो आणि तो कोणी मासा धरत नाही. मामांचा एक शाकाहारी सोबती म्हणूनच बंदरावर उतरताना खिशात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवतो आणि नुसता भात मागवतो.