पोटरीवरचं वय, रॅकवरच्या रिकाम्या जागा : ट्रायथलॉनमध्ये ‘आपला’ स्पर्धक ओळखतात तरी कसा?

पहाटे साडेपाचला वांद्र्याच्या कार्टर रोडवर चक्कर मारलीत, तर वॉकला आलेल्या काका-काकूंच्या मधून सुसाट जाणारी एक वेगळीच जमात दिसते. मनगटावर जीपीएसवालं घड्याळ, सायकल लाखाच्या घरातली आणि तोंडी एकच विषय : गोवा. सी लिंकवर सायकलला बंदी, म्हणून ही मंडळी माहीम कॉजवेवरून नरिमन पॉइंट गाठून परत येतात. समुद्र दारात असूनही पोहायला तलावावर जातात. हा सगळा खटाटोप असतो तो २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’साठी.

१.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. एकूण ११३ किलोमीटर, म्हणजेच ७०.३ मैल. नावातला आकडा तिथून आलाय. अनेकांना ही शर्यत साडेआठ तासांत पूर्ण झाली तरी पुरे असतं. पण काही जण बक्षिसासाठी उतरतात, आणि त्यांची खरी लढत सगळ्यांशी नसते. ती असते आपल्या वयोगटातल्या लोकांशी. आता हजारभर माणसं, सगळ्यांच्या डोक्याला हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल. त्यातला आपल्या गटातला कोण, हे कळणार कसं?

मुळात गट ठरतो कसा, ते आधी बघू. सुरुवातीचा १८ ते २४ हा गट सोडला तर पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात : २५ ते २९, ३० ते ३४, असं वरपर्यंत. स्त्री-पुरुषांचे वेगळे. पण तुमचं वय शर्यतीच्या दिवसाचं धरत नाहीत. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तुम्ही किती वर्षांचे असाल, तो आकडा धरतात.

मिलिंद सोमणचंच घ्या. जुलै २०१५ मध्ये त्याने झुरिकची पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. त्याचा जन्म ४ नोव्हेंबर १९६५ चा, म्हणजे त्या दिवशी तो ४९ वर्षांचा होता. पण ३१ डिसेंबरच्या हिशेबाने तो ५०, आणि नियमाने गट ५० ते ५४ चा. किंवा असं समजा, कार्टर रोडवर रोज सोबत पळणारे दोन मित्र आहेत. एकाचा जन्म डिसेंबर १९८५ चा, दुसऱ्याचा जानेवारी १९८६ चा. २०२५ च्या शर्यतीत पहिला ४० ते ४४ मध्ये, दुसरा ३५ ते ३९ मध्ये. वयात दोन-चार आठवड्यांचा फरक, पण शर्यतीत एकमेकांचे कुणीच नाहीत. दोघांनी एकमेकांना मागे टाकायला जीव काढला, तरी निकालावर ढिम्म परिणाम होणार नाही.

मग ओळखायचं कशावरून?

सगळ्यात जुनी युक्ती पोटरीची. अमेरिकेतल्या बऱ्याच शर्यतींत सुरुवातीआधी मार्करने स्पर्धकाच्या पोटरीवर त्याचं वय लिहितात, अर्थात ३१ डिसेंबरचं. कुणी तुम्हाला ओलांडून गेला की त्याच्या पायाकडे बघायचं. ५२ दिसलं आणि तुम्ही ३६ चे असाल, तर जाऊ द्यायचं. (अहंकाराला लागतं, तो भाग वेगळा.) ३७ दिसलं तर मात्र हिशेब सुरू. पण ही पद्धत सगळीकडे नाही. अनेक ठिकाणी अंगावर फक्त बिब नंबर असतो.

तिथे नंबरच वाचायला शिकावं लागतं. काही आयोजक नंबर वयोगटांनुसार सलग देतात, म्हणजे अमुक ते अमुक हा ४० ते ४४ चा पट्टा. शर्यतीआधी जाहीर होणारी स्पर्धकांची यादी चाळली की हे लक्षात येतं. मुरलेले खेळाडू त्याच यादीतून आपल्या गटातली वेगवान नावं काढतात, त्यांचे जुने निकाल बघतात, आणि चार-पाच नंबर पाठ करून ठेवतात. कोण पोहण्यात भारी आहे आणि कोण शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये ढेपाळतो, हेही त्या जुन्या निकालांत दिसतं.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटते ती रॅकची युक्ती. पोहून आल्यावर जिथे सायकल घ्यायची आणि सायकलवरून आल्यावर जिथे ठेवायची, त्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. सायकली तिथे साधारण नंबरवारीने टांगलेल्या असतात. नंबर वयोगटानुसार दिलेले असतील, तर तुमचा अख्खा गट एकाच रांगेत येतो. पाण्यातून धापा टाकत आलात की फक्त एक नजर टाकायची : रांगेत किती जागा रिकाम्या? तेवढे जण तुमच्याआधी निघून गेले. सायकल संपवून आलात की उलटं मोजायचं, किती सायकली परत आल्यात? ना ॲप, ना घड्याळ, आणि फुकट.

यात एक गोंधळ रिलेवाल्यांचा. रिलेत तिघांची टीम असते आणि एकेक जण एकेक टप्पा करतो. तेजस्वी सूर्या यांचं उदाहरण आहे. २०२२ मध्ये गोव्यात त्यांनी रिलेत फक्त ९० किलोमीटर सायकल चालवली होती. २०२४ मध्ये तिन्ही टप्पे एकट्याने केले, ८ तास २७ मिनिटांत. तर तुम्ही १.९ किलोमीटर पोहून सायकलवर बसलेले, आणि शेजारून वाऱ्यासारखा जाणारा आत्ताच ताज्या पायांनी निघालेला रिलेवाला असू शकतो. त्याच्या मागे लागलात तर धावताना फेस येणार.

आणि इथे डोळे फसतात

आता सगळ्यात अवघड भाग. पूर्वी अख्खा वयोगट एकाच वेळी, एकाच रंगाच्या टोप्या घालून पाण्यात उतरायचा. जो पुढे तो पुढे, विषय संपला. हल्ली आयर्नमॅनच्या बहुतेक शर्यतींत ‘रोलिंग स्टार्ट’ असतो. पोहायला किती वेळ लागेल याच्या अंदाजाने रांगेत उभं राहायचं, आणि दर काही सेकंदांनी थोडे थोडे जण पाण्यात. घोट्याला बांधलेली चिप मॅटवरून गेली की तुमचं घड्याळ सुरू. गर्दीत लाथा बसत नाहीत, हा फायदा. पण प्रत्येकाची सुरुवात वेगळी.

समजा, तुम्ही ७ वाजून ६ मिनिटांनी पाण्यात शिरलात आणि १२:१६ ला शेवटची रेषा ओलांडली. वेळ ५ तास १० मिनिटं. तुमच्या गटातला एक जण १२:१४ ला, तुमच्या डोळ्यांदेखत पुढे पोचला. पण तो ७:०० ला शिरला होता, म्हणजे ५ तास १४ मिनिटं. तुम्ही जिंकलात. तिसरा मात्र ७:१२ ला शिरला आणि १२:१९ ला आला. ५ तास ७ मिनिटं. तो दिवसभरात एकदाही तुमच्या पुढे नव्हता, तुम्ही त्याला पाहिलंही नसेल, आणि पदक त्याच्या गळ्यात!

म्हणून सगळ्यात उपयोगी असतो रस्त्याच्या कडेला उभा असलेला घरचा माणूस. शर्यतीत तुम्हाला फोन वापरता येत नाही, हेडफोनही नाही. पण बायको, भाऊ किंवा कोच ट्रॅकर ॲप उघडून उभे असतात. ॲप चिपच्या वेळेवर गटातला क्रमांक दाखवतं, आणि ते ओरडून सांगतात, “चौथा आहेस, तिसरा चाळीस सेकंद पुढे!” फक्त लक्षात ठेवा, ॲपला खरी वेळ मॅटवरच कळते. दोन मॅटच्या मधला आकडा निव्वळ अंदाज असतो. त्यातून धावण्याचा मार्ग फेऱ्यांचा असेल, तर शेजारी पळणारा तुमच्यापेक्षा एक फेरी मागे आहे की पुढे, हेही बाहेरच्यालाच नीट कळतं.

बरं, सायकलवर स्पर्धक सापडला, मग त्याच्या मागे चिकटून जायचं का? अजिबात नाही. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवायचं, आणि त्या टापूत शिरलात तर २५ सेकंदांत ओलांडून जायचं. नाहीतर ड्राफ्टिंगची पाच मिनिटांची शिक्षा. चाळीस सेकंदांच्या भांडणात पाच मिनिटं म्हणजे खेळ खल्लास.

एवढी मारामारी फक्त पदकासाठी नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या जागाही अशा शर्यतींतून मिळतात, आणि वर्षानुवर्षं त्या वयोगटांना वाटून दिल्या जात. २०२५ मध्ये आयर्नमॅनने नवी पद्धत जाहीर केली. प्रत्येक गटाच्या विजेत्याला थेट जागा, आणि तो नको म्हणाला तर तिसऱ्या क्रमांकापर्यंतच्यांना विचारणा. उरलेल्या जागांसाठी मात्र प्रत्येकाच्या वेळेला वयानुसार गुणक लावून वेगवेगळ्या गटांतल्या लोकांची एकत्र क्रमवारी. म्हणजे ३६ वर्षांच्या माणसाने ज्याच्या पोटरीवर ५२ बघून जाऊ दिलं होतं, तोच शेवटच्या जागेसाठी त्याच्या पुढे असू शकतो.