वेंगुर्ल्यात दोन दिवस: वाळू अजून रापणीची आहे

मंडळी, डिसेंबर आला की आपल्या किनाऱ्यावर आपल्यालाच पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून या वेळी सोसायटीतली आम्ही चार कुटुंबं उलट्या दिशेला गेलो. केरीहून फेरीबोटीने तेरेखोल, मग रेडी, शिरोडा, आरवली आणि वेंगुर्ला. वाटेत आरवलीच्या वेतोबाचं दर्शन घेतलं (देवाला वाहिलेल्या त्या भल्यामोठ्या चामडी वहाणा बघून पोरं चाट पडली), तरी जेवणाआधी पोचलो.

वेंगुर्ला काही खेडं नव्हे. सतराव्या शतकात इथे डचांची वखार होती, तिचे अवशेष अजून उभे आहेत. नगरपरिषद १८७६ सालची. वेंगुर्ला रॉक्सवरचा दिवा तर आपल्या तांडेलांच्या ओळखीचाच. पण संध्याकाळी बंदरावर फिरायला गेलो तर गाणी-बिणी काही नाही. गावातली माणसं, दोन-चार गळवाले आणि वारा. आमच्या बायकांना तेच जास्त आवडलं.

खरं बघायचं ते नवाबागला. बंदराजवळ झुलता पूल आहे, तो ओलांडला की पलीकडे मच्छीमारांची वस्ती. रविवारी सकाळी तिथे रापण लागली होती. आपण रांपण म्हणतो, ते रापण म्हणतात, काम तेच. होडी जाळं टाकत अर्धगोल मारून येते आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरची माणसं ओढतात. सुरुवातीला दोन बाजूंची माणसं एकमेकांपासून इतकी लांब असतात की हाक ऐकू जात नाही. जाळं जवळ येईल तशी ती एकमेकांकडे सरकतात. आम्हीही हात लावला. बांगडा, पेडवे आणि थोडी कोळंबी निघाली. वाटे पडले, जाळ्याचा वाटा वेगळा निघाला, आणि दोरी ओढली म्हणून आमच्याही पिशवीत मासे पडले. नको म्हटलं तर ऐकेनात.

तिथे एक गोष्ट डोळ्यांत भरली. एवढी लांब वाळू मोकळी होती. मध्ये छत्री नाही, पलंग नाही, शॅक नाही. वर होड्या ओढून ठेवलेल्या, बाजूला जाळी पसरलेली, पुढे बायकांनी मासे सुकत घातलेले. कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर आज रापण लावायची म्हटली तर दोरी कुठून ओढणार? एक म्हातारे रापणकार म्हणाले, “माणसा येवक होयीत, पण वाळू मोकळी रवाक होयी.”

बोलणं अर्थातच एलईडीवर गेलं. केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रात्री दर्यात उजेड दिसतो ही तक्रार इकडची काय नि तिकडची काय, एकच. गोव्याकडच्या मोठ्या ट्रॉलर हद्दीत येतात हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. आम्ही ऐकून घेतलं. रापणकाराचं नुकसान कसं होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

दुपारी मांडवी खाडीत गेलो. तिथे स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका कांदळवन सफारी चालवतात, २०१७ पासून. मच्छीमार घरच्या बायका, होडी स्वतः वल्हवतात, कांदळाच्या जाती सांगतात. पैसा घरात येतो आणि त्यासाठी किनाऱ्यावर एक वीटही रचावी लागली नाही. आपल्याकडे खाड्या आहेत, होड्या आहेत, बायका तर आहेतच. या विषयावर सोसायटीत बसून बोलू.

जेवायचं म्हणाल तर मासळी बाजारातून स्वतः घ्या आणि ज्या घरी उतरलात तिथे शिजवून मागा. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी, आणखी काय पाहिजे? येताना खारे बांगडे आणि गोलमो बांधून आणले. जून-जुलैत मात्र जाऊ नका, बंदी त्यांनाही आहे.

ही शांतता किती दिवस टिकेल सांगवत नाही. चिपीचा विमानतळ याच तालुक्यात, २०२१ मध्ये सुरू झाला. इकडून मोपा, २०२३ पासून. रस्त्याकडेला जमीन विक्रीचे बोर्ड दिसतातच. नवाबागच्या मंडळींना आम्ही आपल्या अनुभवावरून एवढंच सांगितलं की शॅक आल्यावर भांडून उपयोग नाही, आधी नकाशा बघा. सीआरझेड अधिसूचनेनुसार मच्छीमार गावं, मच्छीमारांच्या सामायिक जागा, जेटी, बर्फाचे कारखाने आणि मासे सुकवायच्या जागा किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर दाखवायच्या असतात. जी जागा नकाशात नाही, ती सरकारी कागदावर नुसती रिकामी वाळू.

हे त्यांना सांगताना आमच्यातच चर्चा सुरू झाली की आपल्या सगळ्या वाड्यांच्या जागा तरी नकाशावर आहेत का? ज्यांच्याकडे होडी ओढायची किंवा मासे सुकवायची जुनी जागा आहे, त्यांनी तिचा फोटो आणि वाड्याचं नाव सोसायटीच्या ऑफिसात आणून द्यावं. नकाशाशी ताडून बघायला आम्ही बसणार आहोत.