घर ते ग्रंथालय : व्हीपीएन जोडणीतील दोष व त्यांचा शोध

प्रस्तावना

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले आणि कोल्हापूरचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. मधल्या काळात, मार्च २०२० पासून, टाळेबंदीमुळे ग्रंथालयांची दारे बंद झाली. घरी बसून संशोधनपत्रिका वाचता येणे ही तोवर केवळ सोय होती, ती या काळात गरज बनली. व्हीपीएन, अर्थात आभासी खासगी जाळे, हा ती गरज भागविण्याचा एक मार्ग होय. मात्र ही जोडणी ऐन वेळी तुटते, पडद्यावर तीन अंकी क्रमांक येतो आणि प्राध्यापक संगणक बंद करून पुन्हा सुरू करतात. वस्तुतः तो क्रमांक बिघाड कोठे आहे हे सांगत असतो. तो कसा वाचावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात विंडोज प्रणालीच्या संदर्भात केले आहे.

व्हीपीएनची गरज आहे काय?

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी हा प्रश्न विचारणे इष्ट ठरते. महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये सुरू झालेली इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड यांवर चालते, तिला व्हीपीएन लागत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत केंद्र व राज्य शासनाच्या अखत्यारीतील सहा हजारांहून अधिक संस्थांचा समावेश आहे. इन्फेड या ओळख-व्यवस्थेतून तिच्या पत्रिका आवाराबाहेरूनही वाचता येतात. यांवर काम भागत असेल तर व्हीपीएनच्या वाटेला जाऊ नये. संस्थेने स्वतः घेतलेल्या, केवळ आवारातील पत्त्यावरून उघडणाऱ्या साधनांसाठी किंवा आवारातील सर्व्हरवरील कामासाठीच ते लागते.

जोडणी होते कशी आणि अडते कोठे?

घरचा संगणक प्रथम सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधतो, मग त्या पत्त्यापर्यंत पोहोचतो, तेथे आपली ओळख पटवितो आणि त्यानंतर दोघांमध्ये सांकेतिक भाषेतील बोगदा तयार होतो. त्यामुळे बिघाडाचा शोधही याच क्रमाने घ्यावा.

क्रमांक ८६८ आल्यास नावाचा पत्ताच सापडलेला नसतो. सर्व्हरच्या नावात टंकनदोष आहे काय, इतर संकेतस्थळे उघडतात काय, हे पाहावे. क्रमांक ८०९ अधिक त्रासदायक आहे. त्याचा अर्थ असा की, पत्ता सापडला पण सर्व्हरकडून उत्तर आले नाही. एल२टीपी प्रकारच्या जोडणीला यूडीपीचे ५०० व ४५०० हे पोर्ट खुले लागतात. घरचा राउटर किंवा सेवा देणारी कंपनी ते अडवीत असेल तर हा दोष उद्भवतो. याची सोपी परीक्षा म्हणजे संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहणे. तेथे जोडणी झाली तर दोष घरच्या जाळ्यात आहे, हे निश्चित समजावे. तेथेही झाली नाही तर मात्र निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात आणि तेथेही काही प्रकारची जोडणी अडू शकते. क्रमांक ७८९ हा एल२टीपीतील सामायिक कळ किंवा प्रमाणपत्र जुळत नसल्याचे सुचवितो.

क्रमांक ६९१ म्हणजे नाव वा पासवर्ड नाकारला गेला. येथे मराठी वापरकर्त्यांचा एक खास दोष नोंदवावासा वाटतो. लेख टंकित करताना इनस्क्रिप्ट कळफलक सुरू राहतो आणि पासवर्ड देवनागरीत उमटतो. पडद्यावर केवळ ठिपके दिसत असल्याने चूक लक्षात येत नाही. प्रस्तुत लेखकाने या एका कारणापायी एक संपूर्ण संध्याकाळ दवडली आहे! विंडोज कळ व स्पेसबार एकत्र दाबून कळफलक बदलावा.

जुन्या संगणकांत आणखी एक कारण आढळते. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. प्रमाणपत्राची मुदत त्या चुकीच्या तारखेशी ताडली जाते आणि अगदी बिनचूक जोडणीही नाकारली जाते. म्हणून कोणत्याही दुरुस्तीपूर्वी तारीख पाहावी.

कधी कधी दोष ना वापरकर्त्याचा असतो ना संस्थेचा. जानेवारी २०२२ मध्ये विंडोजच्या एका अद्ययावतीकरणानंतर अनेक संगणकांवरील एल२टीपी जोडण्या बंद पडल्या आणि मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच स्वतंत्र दुरुस्ती प्रसृत करावी लागली. काल चालणारी जोडणी आज अचानक बंद झाली तर अलीकडील अद्ययावतीकरणाची तारीख अवश्य तपासावी.

जोडणी झाली, पण पत्रिका उघडत नाही

ही तक्रार सर्वाधिक संभ्रमात टाकणारी आहे, कारण येथे कोणताही क्रमांक येत नाही. प्रकाशकाचा सर्व्हर वाचकाला आयपी पत्त्यावरून ओळखतो. बोगदा तयार असला तरी त्यातून केवळ महाविद्यालयाकडे जाणारी वाहतूकच पाठविली जात असेल, तर प्रकाशकाला घरचाच पत्ता दिसतो आणि तो वर्गणी मागतो. जोडणीच्या गुणधर्मांत दूरस्थ जाळ्याचे गेटवे वापरण्याचा पर्याय असतो. संस्थेची संमती असल्यास तो निवडावा. दुसरे कारण पत्त्यांच्या टकरीचे. घरचा राउटर आणि महाविद्यालयाचे जाळे दोन्ही १९२.१६८.१ या मालिकेतील पत्ते देत असतील तर आवारातील सर्व्हरसाठीची विचारणा घरातच फिरत राहते. घरच्या राउटरची मालिका बदलली, उदाहरणार्थ १९२.१६८.५० केली, की प्रश्न सुटतो.

टाळावयाचे उपाय

जोडणी होत नाही म्हणून फायरवॉल व विषाणुरोधक आज्ञावली कायमची बंद करणे हा उपाय सर्रास सुचविला जातो. ज्या संगणकात विद्यार्थ्यांचे गुण आणि अप्रकाशित प्रबंध असतात, तेथे तो करू नये. पाहण्यापुरती काही मिनिटे बंद करून, फरक पडल्यास फक्त व्हीपीएनच्या आज्ञावलीला मुभा द्यावी. पीपीटीपी ही जुनी पद्धत निवडल्याने जोडणी काही वेळा चटकन होते, परंतु तिच्या ओळख-पद्धतीतील दुबळेपणा २०१२ मध्ये जाहीरपणे सिद्ध झाला आहे आणि विंडोज सर्व्हरच्या पुढील आवृत्त्यांतून पीपीटीपी व एल२टीपी दोन्ही वगळण्याचा मनोदय मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केला. संस्थांनी आयकेई२ वा एसएसटीपीकडे वळणे म्हणूनच श्रेयस्कर.

मोफत व्हीपीएनचा तर येथे उपयोगच नाही. त्याचा पत्ता प्रकाशकाच्या यादीत नसतो, त्यामुळे ग्रंथालय उघडत नाही. उलट आपली वाहतूक मात्र अनोळखी हाती जाते.

एवढे करूनही दोष कायम राहिल्यास संगणक विभागाला 'व्हीपीएन चालत नाही' एवढेच कळवू नये. दोषक्रमांक, नेमकी वेळ, घरची सेवा कोणती आणि हॉटस्पॉटवर काय झाले, या चार गोष्टी लिहून द्याव्यात. क्रमांक टिपायचा राहिला असेल तर तो इव्हेंट व्ह्यूअरमधील अॅप्लिकेशन नोंदींत 'रासक्लायंट' या नावाखाली सापडतो.