ईव्हीचं ‘पेट्रोल’ कोण विकणार? पंपवाले की वीजवाले?

हायवेवरच्या एखाद्या फूड मॉलला थांबलात की कोपऱ्यात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक गाड्या हमखास दिसतात. पेट्रोल भरायला पाच मिनिटं पुरतात. इथे मात्र चहा आणि वडापाव संपला तरी गाडी जागची हलत नाही. या थांबलेल्या गाडीसाठीच सध्या तेल कंपन्या आणि वीज कंपन्यांमध्ये चढाओढ सुरू आहे.

हे सुरू कसं झालं?

२००३ च्या वीज कायद्यानुसार वीज विकायची तर परवाना लागतो. मग पंपावर चार्जर लावला तर ती वीजविक्री झाली का? एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही ‘सेवा’ आहे, वीजविक्री नाही. त्यामुळे परवान्याची गरज उरली नाही आणि या धंद्याचं दार सगळ्यांसाठी उघडलं.

तेल कंपन्यांची ताकद काय?

जागा! मोक्याच्या रस्त्यांवर त्यांचे पंप आधीपासूनच आहेत. २०२१ मध्ये इंडियन ऑइलने १० हजार, भारत पेट्रोलियमने ७ हजार आणि हिंदुस्तान पेट्रोलियमने ५ हजार चार्जिंग स्टेशन्स उभारण्याचं लक्ष्य जाहीर केलं. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने या तिघांना ७,४३२ फास्ट चार्जिंग स्टेशन्ससाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले.

पण एक अडचण आहे. पेट्रोल त्यांच्याच रिफायनरीतून येतं, वीज मात्र बहुतेक ठिकाणी स्थानिक वीज कंपनीकडूनच घ्यावी लागते. म्हणजे प्रतिस्पर्धीच त्यांचा पुरवठादार!

मग वीज कंपन्या जिंकल्या का?

त्यांच्याकडे तारा आहेत आणि त्या थेट तुमच्या घरापर्यंत येतात. समजा, गाडीची बॅटरी ३० युनिटची आहे. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला साधारण ३ युनिट जातात. म्हणजे रात्री लावलेली गाडी सकाळी फुल्ल. असा ग्राहक रोजच्या प्रवासासाठी पंपावर जाणारच नाही. महावितरण आणि टाटा पॉवरने स्वतःची सार्वजनिक चार्जिंग स्टेशन्सही उभारली आहेत.

भांडण की भागीदारी?

दोन्ही. हिंदुस्तान पेट्रोलियमने २०१८ मध्येच आपल्या पंपांवर चार्जर लावण्यासाठी टाटा पॉवरशी करार केला. जागा एकाची, यंत्रणा दुसऱ्याची.

परदेशात तर तेल कंपन्या पंप सोडून गल्लीत शिरल्या. लंडनमध्ये अनेकांकडे स्वतःचं पार्किंग नाही, गाड्या रस्त्यावरच उभ्या असतात. तिथे रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबात चार्जिंग पॉइंट बसवणारी ‘युबिट्रिसिटी’ ही कंपनी शेलने २०२१ मध्ये विकत घेतली. गाडी पंपावर येत नसेल, तर पंपानेच गाडीपाशी जायचं!

तुमच्या खिशाचं काय?

घरच्या विजेवर वीज शुल्क असतं, जीएसटी नसतो. युनिट वाढले की वरचा स्लॅब लागतो, तरीही हे चार्जिंग सहसा स्वस्त पडतं. सार्वजनिक चार्जिंग ‘सेवा’ असल्यामुळे त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. शिवाय महागडा चार्जर आणि जागा यांचा खर्चही दरात येतो.

म्हणजे ज्याच्याकडे पार्किंग आणि सॉकेट, त्याची गाडी स्वस्तात पळणार. जो भाड्याने राहतो किंवा ज्याची सोसायटी पार्किंगमध्ये चार्जर लावू देत नाही, तो जास्त पैसे मोजणार. पेट्रोलचा दर दोघांनाही सारखाच होता, इथे तसं नाही.

त्यामुळे हायवेवर कोणत्या कंपनीचा बोर्ड झळकतो, यापेक्षा सोसायटीच्या मीटिंगमध्ये चार्जरला मंजुरी मिळते की नाही, याचा तुमच्या खर्चावर जास्त परिणाम होणार आहे.