मॉड्यूलर डिजिटल मल्टिमीटर

मॉड्यूलर डिजिटल मल्टिमीटर हे विभवांतर, विद्युतधारा व रोध मोजून त्यांचे मान अंकांत दाखवणारे आणि सुट्या घटकांच्या जोडणीतून सिद्ध होणारे उपकरण होय. १९७० च्या दशकात ही रचना प्रयोगशाळांत व दुरुस्ती केंद्रांत वापरात होती. ह्यूलेट-पॅकार्डची ३४७० मालिका आणि टेक्ट्रॉनिक्सच्या टीएम ५०० मालिकेतील डीएम ५०१ व डीएम ५०२ ही तिची उदाहरणे आहेत.

रचना

३४७० मालिकेत अंक दाखवणारा वरचा भाग व मापन करणारा खालचा भाग एकमेकांवर बसवला जाई. गरजेनुसार खालचा भाग बदलता येई. मध्ये बॅटरीचा घटकही घालता येई. टीएम ५०० मालिकेत मल्टिमीटर, वारंवारतामापक इत्यादी घटक एकाच चौकटीच्या कप्प्यांत सरकवले जात व त्यांना वीज त्या चौकटीतून मिळे.

कार्यपद्धती

त्या काळातील अनेक डिजिटल मल्टिमीटरांत द्वि-उतार पद्धत वापरली जाई. अज्ञात विभवांतराने ठरावीक काळ कॅपॅसिटर प्रभारित केला जातो. मग ज्ञात संदर्भ विभवांतराने तो रिता होण्यास लागणारा काळ मोजला जातो. या दोन काळांच्या गुणोत्तरावरून मान मिळतो. पहिला काळ वीजपुरवठ्याच्या पूर्ण आवर्तनांइतका असल्यास त्या पुरवठ्याचा उपद्रव रद्द होतो. भारतात ५० हर्ट्‌झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, तर अमेरिकेत ६० हर्ट्‌झला सुमारे १६.७ मिलिसेकंदांचे असते. म्हणून केवळ ६० हर्ट्‌झसाठी जुळवलेल्या उपकरणाचे वाचन भारतात अस्थिर होऊ शकते.

अंक आणि अचूकता

साडेतीन अंकी मीटर १९९९ पर्यंत, तर साडेचार अंकी मीटर १९९९९ पर्यंत आकडा दाखवतो. अधिक अंक म्हणजे अधिक अचूकता नव्हे. अंकांमुळे सूक्ष्म फरक दिसतो, अचूकता मात्र संदर्भ विभवांतरावर व नियमित अंशांकनावर अवलंबून असते.

उपयोग व मर्यादा

नांदेड व लातूर जिल्ह्यांत विंधनविहिरींवरील तीन फेजच्या पंपांची तपासणी हा मल्टिमीटरचा नेहमीचा उपयोग आहे. येथे दोन फेजांमध्ये सुमारे ४१५ व्होल्ट, तर फेज व न्यूट्रल यांमध्ये सुमारे २४० व्होल्ट विभवांतर अपेक्षित असते. एक फेज तुटली तरी चालू मोटार त्या तारेवर विभवांतर निर्माण करते; त्यामुळे केवळ मोटारीपाशी घेतलेले वाचन फसवे ठरून मोटार जळू शकते. तीनही तारांतील विद्युतधारा क्लॅम्प मीटरने तपासणे अधिक विश्वसनीय असते. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सामान्यतः १० मेगाओहम असल्याने, जिवंत तारेशेजारच्या सुट्या तारेवरही तो काही व्होल्ट दाखवू शकतो.

सुरक्षितता

आजच्या मीटरांवर आयईसी ६१०१० मानकानुसार मापनश्रेणी छापलेली असते. १९७० च्या दशकातील उपकरणे या मानकापूर्वीची आहेत. एखाद्या जुन्या मीटरवर १००० व्होल्टची मर्यादा लिहिलेली असली, तरी वीजवाहिनीवरील क्षणिक उच्चदाब व शॉर्टसर्किट सहन करण्याची हमी त्यातून मिळत नाही. म्हणून अशी उपकरणे पंपाच्या पेटीवर किंवा वितरण फलकावर वापरू नयेत. अंशांकन तपासून घेतल्यास कमी दाबाच्या परिपथांचे मापन आणि विद्यार्थ्यांना मल्टिमीटरची अंतर्गत रचना समजावणे यांसाठी ती आजही उपयुक्त आहेत.